अनुषंगाचे ओझे

धर्मग्रामातील विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरात आम्ही उभयतांनी बोलायला सुरुवात केली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. शनिवारची दुपार आणि रविवारी मिस्सानंतरचा दिवस, असे ते दीड दिवसाचे शिबिर. धर्मगुरू संस्काराविषयी सांगत, एक वकील कायद्याविषयी, आणि कुटुंबनियोजनाचा विषय आमच्या वाट्याला आलेला. विषय अवघड होता. समोर बसलेल्या मुलामुलींची नजर जमिनीकडे, आणि खरे सांगायचे तर आमचीही फारशी वर नसे. अशा वेळी वक्त्याला एखादे हुकमी साधन लागते. आमच्याजवळ ते होते. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात घडी घालून ठेवलेले पातळ कागदाचे सूचनापत्रक आम्ही पिशवीतून काढत असू, ते उलगडत असू, आणि त्यातील दुष्परिणामांची यादी सावकाश वाचून दाखवत असू. मळमळ, डोकेदुखी, स्तनांतील दुखरेपणा, अवेळी रक्तस्राव, मनाची खिन्नता; मग थोडे थांबून रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, कर्करोग. सभागृह शांत होई. त्या शांततेतच आम्ही नैसर्गिक पद्धतीकडे वळत असू, आणि आमचे काम निम्मे झालेले असे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात बसलेली मुलगी लग्नानंतर दीड वर्षाने आमच्या घरी आली. तिची हकीकत थोडक्यात अशी. लग्नाच्या आधीपासून मासिक पाळीच्या दिवसांत तिला असह्य वेदना होत. डॉक्टरांनी तपासून एन्डोमेट्रिओसिसचे निदान केले होते. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा हा विकार. त्यावरील उपचार म्हणून त्यांनी ज्या गोळ्या दिल्या त्या नेमक्या आमच्या हातातील कागदावरच्या होत्या. शिबिराहून घरी गेल्यावर तिने त्या बंद केल्या. डॉक्टरांना सांगितले नाही, होणाऱ्या नवऱ्यालाही नाही. पुढचे दीड वर्ष तिने दर महिन्याला दोन-तीन दिवस अंथरुणावर काढले आणि शेवटी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेली. आमच्याकडे ती भांडायला आली नव्हती. चहा घेतला, आणि म्हणाली, "काका, मावशी, पाप टाळायचे होते की धोका टाळायचा होता, हे मला तुमच्या बोलण्यातून कळले नाही. काहीतरी टाळायचे आहे एवढे मात्र कळले." निघताना तिने दारात उभे राहून विचारले, "पुढच्या शिबिरातही तुम्ही तो कागद वाचणार का?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. ते शोधण्याच्या खटपटीत जे वाचले आणि जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीत आपण सरळ 'दुष्परिणाम' म्हणतो. इंग्रजीतून आपल्या बोलण्यात आलेला 'साइड इफेक्ट' हा शब्द त्याहून सावध आहे. तो परिणामाला वाईट म्हणत नाही, नुसता बाजूचा म्हणतो. पण बाजूचा म्हणजे कोणत्या रस्त्याच्या बाजूचा? गोळीतील दोन संप्रेरके शरीरात शिरली की अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात. बीजांडकोशातून बीज सुटणे थांबते, गर्भाशयमुखाचा स्राव दाट होतो, गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. त्याच वेळी त्यांतील इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठविणारी काही प्रथिने जास्त प्रमाणात तयार करू लागते. ह्यांपैकी मुख्य कोणते आणि अनुषंगाने आलेले कोणते, हे शरीराला ठाऊक नसते. शरीराच्या लेखी सारे परिणाम सारखेच. मुख्य आणि गौण ही वाटणी माणसाच्या हेतूने केलेली असते.

ही गोष्ट तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना सांगून ठेवली आहे. एका कृतीला दोन परिणाम असू शकतात. एक हेतूतला, दुसरा हेतूबाहेरचा. आणि कृतीची नैतिक जात हेतूतल्या परिणामावरून ठरते. पुढच्या धर्मपंडितांनी ह्या विचाराला अटींची कुंपणे घातली. वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन असता कामा नये; आणि जे वाईट सोसावे लागते त्याच्या तोलामोलाचे कारण असले पाहिजे. पोप बारावे पायस ह्यांनी सप्टेंबर १९५८ मध्ये रक्तविकारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे बोलताना हाच नियम ह्याच गोळीला लावला. आजारावरील उपचार म्हणून स्त्रीने ती घेतली आणि त्यातून तात्पुरते वंध्यत्व आले, तर ते क्षम्य आहे, असा त्याचा आशय. दहा वर्षांनी, २५ जुलै १९६८ रोजी, पोप सहावे पॉल ह्यांनी 'ह्युमाने विते' ह्या परिपत्राने कृत्रिम गर्भनिरोधाला नकार दिला. पण त्याच परिपत्राच्या पंधराव्या परिच्छेदात उपचाराची ही वाट त्यांनी मोकळी ठेवली आहे. आम्ही ते परिपत्र शिबिरात अनेकदा उद्धृत केले आहे. पंधरावा परिच्छेद वाचल्याचे मात्र आम्हांला आठवत नाही.

म्हणजे गोळी एकच, पण औषध कंपनीच्या लेखी गर्भ न राहणे हे फळ आणि गुठळी हा बाजूचा परिणाम. परिपत्राच्या त्या परिच्छेदाच्या लेखी वेदनाशमन हे फळ आणि गर्भ न राहणे हा बाजूचा परिणाम. गंमत अशी की गोळीच्या जन्मकाळी हा उलटा क्रम बाजारालाही मान्य होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९५७ साली 'एनोव्हिड' ह्या गोळीला परवानगी दिली ती मासिक पाळीच्या तक्रारींसाठी. ती घेत असताना गर्भधारणा होणार नाही, ही सूचना होती. त्या एका सूचनेवर, १९५९ संपेपर्यंत, सुमारे पाच लाख अमेरिकन स्त्रिया ती घेऊ लागल्या होत्या. इतक्या स्त्रियांची पाळी एकदम बिघडली असेल असे कोणी मानले नाही. गर्भनिरोधक म्हणून उघड परवानगी आली ती १९६० साली. तीन वर्षे एका राष्ट्राने आपला हेतू बाजूच्या परिणामाच्या आड लपवून ठेवला होता.

त्याआधीची कथा अधिक त्रासदायक आहे, आणि तिच्यापाशी आम्हांला जरा थांबायचे आहे. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेलेल्या मार्गारेट सँगर, गोळीच्या संशोधनाचा बहुतेक खर्च उचलणाऱ्या श्रीमंत विधवा कॅथरिन मॅककॉर्मिक, शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि बोस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक, ह्या चौघांच्या प्रयत्नांतून गोळी जन्माला आली. ह्यांतले रॉक हे रोज मिस्साला जाणारे कॅथलिक. गोळी ही निसर्गाच्याच सुरक्षित काळाचा विस्तार आहे, तेव्हा ख्रिस्तसभेने तिला मान्यता द्यावी, असा त्यांचा प्रामाणिक युक्तिवाद होता, आणि १९६३ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पण बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे तिथे गर्भनिरोधाला कायद्याने बंदी होती. मोठ्या प्रमाणावर चाचणी घ्यायची तर दुसरी भूमी हवी होती. ती सापडली पोर्तो रिकोत. कॅरिबियन समुद्रातील हे बेट अमेरिकेच्या अंमलाखालचे, दाट वस्तीचे, गरीब आणि बहुसंख्य कॅथलिक. तिथे १९३७ पासून गर्भनिरोध कायदेशीर होता आणि त्याची केंद्रेही होती.

एप्रिल १९५६ मध्ये राजधानी सान हुआनजवळच्या रिओ पिएद्रास येथील नव्या सरकारी वसाहतीत चाचणी सुरू झाली. वसाहत निवडण्याचे कारण साधे होते. नवे घर मिळालेली कुटुंबे सोडून जात नाहीत, त्यामुळे त्यांचा माग ठेवता येतो. बायका रांगा लावून आल्या. पाच-पाच, सहा-सहा मुलांच्या आया होत्या त्या. एकीलाही जबरदस्तीने आणावे लागले नाही. ही गोष्ट विसरता कामा नये. आपल्याला पुढचे बाळंतपण नको आहे, हे त्यांना आमच्यासारख्या व्याख्यात्यांपेक्षा चांगले कळत होते. पण ह्या गोळीने मूल होणार नाही एवढेच त्यांना सांगण्यात आले. गोळी नवी आहे, तिची परीक्षा अजून व्हायची आहे आणि ती आपल्या शरीरावर होत आहे, हे सांगण्यात आले नाही. आणि गोळी आजच्यासारखी हलकी नव्हती. तिच्यात इस्ट्रोजेन जातीचे संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होते. आपल्याकडच्या 'माला-डी'त ते ३० मायक्रोग्रॅम असते.

चाचणीची देखरेख डॉ. एड्रिस राइस-रे ह्या स्त्री डॉक्टरांकडे होती. वर्षभरानंतर त्यांनी जो अहवाल दिला तो सरळ होता. गोळी नेमाने घेतली तर गर्भधारणा शंभर टक्के टळते. पण सतरा टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलट्या असे त्रास होतात, आणि हे त्रास इतके आहेत की गोळी सर्वसाधारण वापरासाठी स्वीकारता येणार नाही. पिंकस आणि रॉक ह्यांनी हा निष्कर्ष मानला नाही. त्रास मनाचे आहेत, असे त्यांचे मत पडले.

इथे पिंकस ह्यांनी एक गोष्ट केली, जी आमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाते. त्यांनी काही स्त्रियांना औषध नसलेल्या नकली गोळ्या दिल्या आणि त्यांना त्रासाची नेहमीची पूर्वसूचनाही दिली. काहींना खरी गोळी दिली, पण पूर्वसूचना दिली नाही. नकली गोळी घेणाऱ्या, पण आधी सावध केलेल्या स्त्रियांनीही मळमळीच्या आणि डोकेदुखीच्या तक्रारी केल्या. खरी गोळी घेऊन ज्यांना काही सांगितले नव्हते त्यांच्या तक्रारी कमी निघाल्या. पिंकस ह्यांनी ह्यातून आपल्याला सोयीचा अर्थ काढला. तो सोयीचा होता म्हणून ते निरीक्षण खोटे ठरत नाही. भीतीने माणसाला खरोखर मळमळते, हे पुढेही वारंवार दिसून आले आहे. मग प्रश्न उभा राहतो: सांगितल्याने जर त्रास वाढत असेल, तर न सांगणे हीच दया नव्हे काय?

ह्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ दिवस घुटमळलो. पहिल्या दृष्टीला तो बिनतोड वाटतो. आजारी आईपासून वाईट बातमी लपविणारे आपण सगळेच त्याच्या बाजूचे आहोत. पण त्यात एक खोट आहे. मळमळीची पूर्वसूचना न दिल्याने एखादीची मळमळ टळेल. पण पायात उतरलेल्या गुठळीची पूर्वसूचना न दिल्याने गुठळी टळत नाही. उलट पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ येऊन धाप लागली, तर ती बाई ते थकव्यावर ढकलील आणि घरीच बसून राहील. मौनाने हलके दुखणे थोडे कमी होईल आणि भारी दुखणे प्राणावर बेतेल. शिवाय दया करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ त्या मौनात गुंतलेला नसावा, ही किमान अट आहे. ज्याला आपली गोळी यशस्वी ठरवायची आहे त्याने ठेवलेले मौन दयेच्या खात्यात जमा करता येत नाही.

मात्र पिंकस ह्यांचे निरीक्षण आम्हांलाही सोडत नाही. सांगण्याच्या रीतीनेही इजा होते, हे जर खरे असेल, तर सभागृहात तो कागद थांबून थांबून, आवाज खाली आणून वाचणारे आम्ही कोण होतो? आमच्या बोलण्यालाही बाजूचा परिणाम होता. तो त्या मुलीने दीड वर्ष सोसला.

पुढचा इतिहास भराभर सांगण्याजोगा आहे. १९६१ साली इंग्लंडमधील डॉ. जॉर्डन ह्यांचे एक पत्र 'द लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकात आले. गोळी सुरू केल्यानंतर एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, असे त्यात होते. ती परिचारिका गोळी घेत होती ती एन्डोमेट्रिओसिससाठी. हे वाचताना आमच्या दारात उभी राहिलेली मुलगी डोळ्यांपुढे आली नसती तरच नवल. आमचा कागद खोटे बोलत नव्हता, हेही तेव्हा पुन्हा जाणवले. १९६८ साली ब्रिटिश संशोधकांनी गुठळ्यांचा संबंध पक्का केला, आणि १९६९ च्या अखेरीस तिथल्या औषधसुरक्षा समितीने इस्ट्रोजेन ५० मायक्रोग्रॅमच्या वर असलेल्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला. १९७० च्या जानेवारीत अमेरिकन सिनेटर गेलॉर्ड नेल्सन ह्यांनी ह्या विषयावर जाहीर सुनावणी भरविली. डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले. पण गोळी घेतलेली एकही स्त्री साक्षीला बोलावली गेली नाही. तेव्हा अॅलिस वुल्फसन आणि त्यांच्या सोबतिणी प्रेक्षकांतून उभ्या राहून ओरडून प्रश्न विचारू लागल्या आणि सभा थांबवावी लागली. त्याच सुमारास घेतलेल्या एका जनमतचाचणीत गोळी घेणाऱ्या दोनतृतीयांश स्त्रियांनी सांगितले की डॉक्टरांनी आपल्याला धोक्याविषयी काहीच सांगितले नव्हते. ह्या गदारोळातून गोळीच्या पाकिटात स्त्रीने स्वतः वाचण्याचा कागद घालणे अमेरिकेत सक्तीचे झाले. आमच्या पिशवीतला तो कागद असा आला आहे. स्त्रीने स्वतः वाचून स्वतः ठरवावे म्हणून काही स्त्रियांनी भांडून मिळवलेला कागद आम्ही तिच्या वतीने वाचत होतो आणि तिच्या वतीने ठरवीतही होतो.

तर मग प्रामाणिकपणे वाचायचा झाला तर तो कागद काय सांगतो? युरोपच्या औषधसंस्थेने २०१३ साली मांडलेले आकडे घ्या. गोळी न घेणाऱ्या, गर्भवती नसलेल्या दहा हजार स्त्रियांत वर्षाकाठी सुमारे दोघींना रक्ताची गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी, म्हणजे आपल्या 'माला' जातीची, घेणाऱ्यांत हा आकडा पाच ते सात. काही नव्या गोळ्यांत नऊ ते बारा. नवे ते अधिक निर्धोक, हा समज इथे उलटा पडतो. धोका तिपटीच्या घरात जातो, असे म्हटले तर ते खरे. दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे नव्वदहून अधिक जणींना काहीच होत नाही, असे म्हटले तर तेही खरे. आम्ही पहिले वाक्य सांगत होतो. तिसरी एक गोष्ट तर आम्ही कधीच सांगितली नाही: गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत गुठळीचा धोका गोळीतल्या धोक्यापेक्षाही अधिक असतो. मातृत्वाचे गुणगान करणाऱ्या भाषणात ही ओळ बसवायची कुठे, हे आम्हांला सुचले नसावे.

कर्करोगाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने २००५ साली संयुक्त गोळीला मानवी कर्करोगास कारण ठरणाऱ्या द्रव्यांत घातले, कारण स्तन, गर्भाशयमुख आणि यकृत ह्यांच्या कर्करोगाचा धोका तिने वाढतो. त्याच संस्थेने त्याच वेळी हेही नोंदविले की बीजांडकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका तिने कमी होतो. एक दार उघडते, दुसरे बंद होते. २०१७ साली डेन्मार्कमधील मोठ्या पाहणीतून असे दिसले की संप्रेरकयुक्त साधने वापरणाऱ्या एक लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे तेरा स्तनकर्करोग अधिक आढळतात. ज्या घरात तेरातली एक आहे त्या घराला हा आकडा लहान नाही. आकड्यांची ही दोन्ही तोंडे एकदमच धरावी लागतात.

आणि काही गोष्टी अशा आहेत की ज्या सांगण्यात हयगय करणे हा निव्वळ गुन्हा आहे. पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने, डोळ्यांपुढे लखलखाट होऊन अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रीने, पूर्वी गुठळी झालेल्या किंवा रक्तदाब चढलेल्या स्त्रीने, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीने ही संयुक्त गोळी घ्यायची नसते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने गोळीचा असर उतरतो. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण पाहता हे किती घरांना लागू पडत असेल! गोळ्या आज दुकानात सहज मिळतात, आशा कार्यकर्ती घरपोच आणून देते. रक्तदाब मोजून मग पाकीट हाती ठेवणारे दुकान मात्र आमच्या पाहण्यात नाही.

आता आमच्या चुकीच्या गाभ्याकडे येतो. स्वतःला आम्ही एक प्रश्न विचारून पाहिला. समजा उद्या एखाद्या प्रयोगशाळेने अशी गोळी काढली की जिच्यात मळमळ नाही, गुठळी नाही, कर्करोग नाही. तर शिबिरातले आमचे मत बदलेल काय? उत्तर तत्काळ आले: नाही. दाम्पत्यप्रेम आणि नवजीवनाविषयीचा मोकळेपणा ह्यांची ताटातूट करू नये, ही आमची श्रद्धा रसायनाच्या शुद्धाशुद्धतेवर उभी नाही. (अशी गोळी अगदीच कल्पनेतली नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली आणि १९९१ पासून 'सहेली' नावाने मिळणारी सेंटक्रोमनची गोळी स्टेरॉइड जातीची नाही. पाळी लांबणे हीच तिची ठळक तक्रार. तरी तिच्याविषयी आमचे भाषण काही बदलले नव्हते.) मग जर धोका हे आमचे कारण नव्हतेच, तर आम्ही तो कागद का वाचत होतो? कारण श्रद्धेने पटवण्यापेक्षा भीतीने वळवणे सोपे होते. जे आपले कारण नाही ते कारण म्हणून पुढे करणे, मग त्यातला प्रत्येक शब्द खरा का असेना, ह्याला असत्यच म्हटले पाहिजे. आणि अशा असत्याचे ओझे वक्त्यावर पडत नाही. ते त्या ऐकणाऱ्या मुलीवर पडते, जिला पाप आणि धोका वेगळे करता येत नाहीत.

उलट बाजूचेही असेच एक असत्य आहे. गोळीचा कैवार घेणारे जेव्हा तिच्या प्रत्येक दोषाला 'किरकोळ' म्हणतात, तेव्हा किरकोळ कोणासाठी, हे सांगत नाहीत. जुन्या नियमातल्या तोलामोलाच्या कारणाची अट आठवा. आजाऱ्याचे औषध तोलायचे तर एका पारड्यात आजार असतो. गोळी घेणारी बहुतेक वेळा निरोगी असते. तिच्या पारड्यात काय आहे, हे तिच्यावाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. सहाव्या बाळंतपणाने जिचा जीव धोक्यात येईल तिचे पारडे वेगळे, आणि जिच्या नवऱ्याला कोणतीही तसदी नको म्हणून जी गोळी घेते तिचे वेगळे. अक्वायनस ह्यांच्या उदाहरणात स्वतःचा बचाव करणारा मनुष्य स्वतःच्या कृतीचा धनी होता. इथे हेतू दोघांचा, कधी सासरचा, कधी सरकारचा. आणि हेतूबाहेरचा परिणाम मात्र नेहमी एकाच शरीरात उतरतो.

सरकारचा, असे म्हटले ते उगाच नव्हे. १९८५ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 'नेट-एन' ह्या इंजेक्शनच्या चाचणीचे शिबिर भरले होते. आलेल्या बायकांना आपण चाचणीत आहोत ह्याची कल्पना नव्हती. रिओ पिएद्रासनंतर एकोणतीस वर्षे लोटली होती. स्त्री-संघटनांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि २००० साली सरकारला हे इंजेक्शन सार्वत्रिक कार्यक्रमात आणणार नाही असे सांगावे लागले. ह्या नेट-एनची एक उत्तरकथा आहे. हेच द्रव्य टेस्टोस्टेरोनबरोबर पुरुषांना टोचून पुरुषांसाठी गर्भनिरोधक करता येईल काय, ह्याची चाचणी अनेक देशांतील ३२० पुरुषांवर घेण्यात आली. गर्भ टाळण्यात ते चांगलेच यशस्वी ठरत होते. पण खिन्नता, मनाचे चढउतार, मुरुमे अशा तक्रारी वाढल्या तेव्हा स्वतंत्र सुरक्षा समितीने २०११ साली चाचणी थांबविली. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. समितीचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. सावधपणा हा तिचा धर्मच होता. १९५७ साली राइस-रे ह्यांचा अहवाल वाचायला अशी समिती नव्हती, एवढेच म्हणतो. थांबलेल्या त्या चाचणीतील तीनचतुर्थांशाहून अधिक पुरुषांनी, ही पद्धत मिळाली तर आपण वापरू, असे सांगितले होते. हे वाचून आम्हांला, विशेषतः आमच्यातल्या एकाला, जरा बरे वाटले.

आपल्या देशातील ओझे कसे वाटले गेले आहे, हे पाहायला फार लांब जायला नको. २०१९ ते २१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. ज्यांच्या पतीने केली अशा ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी आहे, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो. ख्रिस्तसभेला ह्यांतले काहीच मान्य नाही, हे आम्ही जाणतो. पण ह्या आकड्यातला जो पुरुष आहे तो आमच्याही शिबिरात समोर बसलेला असतो. नैसर्गिक पद्धतीचे व्याख्यान संपले की तो सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण तक्ता भरायचा बायकोने, तापमान घ्यायचे तिने, स्राव तपासायचा तिने. त्याने फक्त थांबायचे. आणि तो थांबला नाही तर? नैसर्गिक पद्धतीला दुष्परिणाम नाहीत, असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहीत असू. ज्या घरात नवरा ऐकत नाही त्या घरात तिचा परिणाम काय होतो, हे शिबिरानंतर वर्षा-दोन वर्षांनी भेटणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यांवरून आम्हांला दिसत होते. त्याला आम्ही देवाची देणगी म्हणत होतो. ती देणगी होती, ह्याविषयी आमच्या मनात आजही शंका नाही. पण ती ज्या रीतीने घरात आली तिला काय म्हणावे, ह्याचा विचार आम्ही टाळला.

र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून ह्या विषयाला मराठी शब्द दिले. त्यांच्या मतांशी आमचे जुळणे कठीण. पण जमिनीकडे पाहत बोलण्याची सवय त्यांना नव्हती, आणि ती सोडायला आम्हांला म्हातारपण यावे लागले.

गेल्या दोन शिबिरांपासून आम्ही व्यवस्था बदलली आहे. श्रद्धेविषयी आम्ही बोलतो, तिची कारणे तिच्याच भाषेत सांगतो, आणि पंधरावा परिच्छेद पूर्ण वाचतो. औषधाविषयी बोलायला एक अनुभवी परिचारिका येते. तिला आमच्या मतांशी कर्तव्य नाही, आणि आम्ही तिच्या बोलण्यात तोंड घालायचे नाही असे ठरले आहे. तो कागद आता कोणी वाचून दाखवीत नाही. त्यातली अक्षरे इतकी बारीक असतात की आम्ही त्याच्या मोठ्या प्रती काढून घेतल्या आणि मुलींच्या हातांत दिल्या. मागच्या वेळी वाटून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "आम्हांला नाही का?" प्रती संपल्या होत्या. शेजारच्या मुलीने आपला कागद त्याच्याकडे सरकवला, आणि दोघे मान खाली घालून वाचू लागले. पावसाळ्यानंतरच्या शिबिरासाठी दुप्पट प्रती काढायला सांगितल्या आहेत.